गुण मिळवले की लगेच गमावतो: बाहेरच्या मैदानावरच्या निसटत्या पराभवांचं दुखणं

रग्बीचा आणखी एक सामना हरलो. २०–२२. आम्ही तीन ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवणं, पाच गुण) केले, समोरच्यांनी एक, आणि परतीच्या बसमध्ये मान खाली घालून बसलो ते आम्हीच. बाहेरच्या मैदानावर अशी थोडक्यात हार खाण्याची या मोसमातली ही चौथी खेप. ज्या लीगमध्ये सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यावर एक बोनस गुण मिळतो, तिथे असे पराभव गुणतक्त्यात तितके वाईट दिसत नाहीत. त्यामुळे दुखणं अंगावर काढायची सवय लागते. आम्हालाही लागली होती.

हौशी क्लबात खेळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. म्हणजे जिथे पगारी विश्लेषक नसतो, मैदानाला घड्याळ नसतं आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेल्यांपैकी एकाचा गुडघा आधीच बांधलेला असतो. तुमचाही संघ पुढे जाऊन हरत असेल तर आमची चूक तपासून बघा, बहुधा जुळेल.

आधी केलेली चुकीची निदानं

पहिलं निदान अर्थातच दमसास. शेवटच्या दहा मिनिटांत हरतो म्हणजे पाय थकतात, असं धरून आम्ही दीड महिना नुसते पळालो. पुढच्या सामन्यात ७५व्या मिनिटाला समोरचे गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते, आम्ही ताठ उभे होतो, आणि हरलो आम्हीच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दुसरं निदान रेफरी. बाहेरच्या मैदानावर याच्याइतकं सोयीचं निदान नाही. मीही दोनदा भर बसमध्ये हेच खापर फोडलंय, त्यामुळे इतरांना नावं ठेवत नाही. पण आमच्याविरुद्ध दिलेल्या पेनल्टी एका खाली एक लिहून काढल्या तेव्हा त्यातल्या बहुतेक दोनच प्रकारच्या निघाल्या: रकच्या (जमिनीवरच्या चेंडूवरून चाललेल्या ढकलाढकलीच्या) शेवटच्या पायापुढे उभं राहणं, आणि टॅकल केल्यावर (चेंडूवाल्याला पाडल्यावर) बाजूला न होणं. तीन वेगवेगळे रेफरी, तीन वेगवेगळी गावं आणि गुन्हे तेच. मग गुन्हेगार कोण, हे सांगायची गरज उरली नाही.

तिसरं निदान प्रवास. हे अर्धं खरं आहे, त्याकडे पुढे येतो.

वहीत काय सापडलं

या वेळी आमचा हुकर (स्क्रमच्या पहिल्या फळीतला मधला खेळाडू) खांद्याच्या दुखापतीमुळे टचलाइनबाहेर, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेबाहेर होता. त्याच्या हाती एक वही दिली आणि एवढंच सांगितलं, की दर वेळी गुण झाले की मिनिट लिही, कोणी केले ते लिही, आणि पुढचे गुण कुठून आले ते लिही. त्याने लिहिलेलं असं होतं.

आमची पेनल्टी (खांबांमधून मारली की तीन गुण), ३–० पुढे. चार मिनिटांच्या आत त्यांचा ट्राय आणि कन्व्हर्जन (ट्रायनंतरची दोन गुणांची किक), ३–७. मग आमचा कोपऱ्यातला ट्राय, कन्व्हर्जन हुकलं, ८–७. लगेच त्यांची पेनल्टी, ८–१०. मध्यंतराआधी आणखी एक, ८–१३. दुसऱ्या डावात मॉल (चेंडूवाल्याभोवतीचा उभा घोळका) ढकलत नेऊन खांबांजवळ ट्राय, कन्व्हर्जनसह १५–१३. लगेच त्यांची पेनल्टी, १५–१६. पुढे अजून एक, १५–१९. ७७व्या मिनिटाला पुन्हा कोपऱ्यात ट्राय, कन्व्हर्जन पुन्हा हुकलं, २०–१९. आणि दोन मिनिटांत त्यांची पेनल्टी, २०–२२.

आम्ही चार वेळा गुण मिळवून पुढे गेलो आणि चारही वेळा पुढचे गुण त्यांचेच. त्यांच्या २२ पैकी १६ गुण आमच्या गुणांनंतर लगेच आलेले. आम्ही शेवटच्या मिनिटाला हरलो नव्हतो, सकाळपासून एकाच पद्धतीने चार वेळा हरलो होतो. चौथ्या वेळी परत यायला वेळ उरला नाही, एवढाच फरक.

याचं कारण नियमातच दडलेलं आहे. पंधरा जणांच्या रग्बीत गुण गमावलेला संघ मध्यरेषेवरून ड्रॉप-किक मारून खेळ पुन्हा सुरू करतो, हाच रिस्टार्ट. म्हणजे आपण ट्राय केला की पुढचा चेंडू आपल्याच अंगावर येतो. सात जणांच्या खेळात उलटं: गुण मिळवणाराच किक मारतो. आमच्यातले निम्मे सेव्हन्स खेळत खेळत इकडे आलेले. ट्रायनंतर त्यांच्या डोक्यात ‘आता धावत जाऊन पकडायचं’ असतं, ‘आता झेलायचं’ नसतं. त्यात मिठ्या मारून झालेल्या, श्वास फुललेला, कोण कुठे उभं राहायचं हे अर्ध्यांना आठवत नाही. समोरचे मात्र खांबांखाली जमून, चिडून, ठरवून येतात.

७८वं मिनिट, जवळून

तो चेंडू माझ्या हातून सुटला. मी लॉक (स्क्रमच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) खेळतो, रिस्टार्टला पुढच्या तिघांच्या गटात उडी मारणारा मीच. किक उंच होती, वारा किकच्या विरुद्ध होता, म्हणून चेंडू मला वाटला त्यापेक्षा तीन-चार पावलं पुढे पडणार होता. मी पुढे सरकलो, पण मला उचलणारे दोघे जागेवरच राहिले. मागून आमचा नंबर आठही त्याच चेंडूवर निघालेला. दोघांनी एकदमच ‘माझा’ म्हटलं आणि त्याच क्षणी दोघेही थबकलो. चेंडू माझ्या मनगटावर आदळून पुढे गेला. नॉक-ऑन, म्हणजे चेंडू हातून पुढे सुटण्याची चूक. आमच्या २२ मीटर रेषेपासून (ट्रायरेषेपासून २२ मीटरवरची रेषा) हाकेच्या अंतरावर त्यांचा स्क्रम (दोन्हीकडच्या आठ-आठ जणांची जुंपलेली ढकलाढकल).

स्क्रम आम्ही नीट झेलला. त्यानंतरच्या तिसऱ्या रकला आमचा फ्लँकर एक पाऊल पुढे होता. एकच पाऊल, पण खांबांसमोर. बसमध्ये सगळे त्या पावलाबद्दल बोलत होते. माझ्या मनगटाबद्दल कोणी बोललं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही आठवण करून दिली नाही. वही उघडल्यावर ते टळलं नाही.

मग घरच्या मैदानावर का होत नाही?

इथे प्रवासाचं अर्धं सत्य येतं. घरी आम्ही सामन्याच्या दीड तास आधी मैदानात असतो आणि सरावात दोन्ही बाजूंनी रिस्टार्ट झेलतो. वारा कुठून येतो, दुपारी ऊन कोणत्या टोकाला डोळ्यांत जातं, हे अंगवळणी पडलेलं असतं. बाहेर बस उशिरा पोचते, दोघे थेट कामावरून वेगळे येतात, सराव चाळीस मिनिटांचा वीस मिनिटांवर येतो. आणि तो कापताना सगळ्यात आधी काय जातं? रिस्टार्ट. टॅकल बॅग राहतात, लाइनआउट (चेंडू बाहेर गेल्यावर दोन रांगांमध्ये फेकणं) राहतं, स्क्रमच्या चार बांधण्या राहतात. रिस्टार्टला मैदानाचा मोकळा अर्धा भाग लागतो आणि तिथे बहुतेक वेळा यजमान पळत असतात, म्हणून आम्ही ते सोडून द्यायचो. चारही पराभवांत हेच झालं होतं. म्हणजे त्या मैदानावरची पहिली उंच किक आम्ही थेट सामन्यात झेलत होतो.

आता आमच्याकडे क्रम उलटा आहे. वीसच मिनिटं मिळाली तर पहिली सहा रिस्टार्टची, बाकीचं उरलेल्या वेळात. यजमानांना कोपरा मागायला लाज वाटायचं कारण नाही, बहुतेक जण देतात. जाताजाता ट्रायरेषेमागची जागाही पावलांनी मोजून घ्या. नियमाने ती ६ ते २२ मीटर कितीही असू शकते, आणि ६ मीटरच्या मैदानावर रेषेमागे मारलेली ग्रबर (जमिनीलगतची किक) तुमच्या विंगरने गाठायच्या आत बाहेर जाते.

झेलण्याची दुरुस्ती

हाक मारायची पद्धत बदलली. ‘माझा’ हा शब्द बंद. सगळेच ‘माझा’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला आवाज कोणाचा ते कळत नाही. आता झेलणारा स्वतःचं नाव ओरडतो, तेही चेंडू सर्वांत उंच असताना, खाली येताना नाही. त्यानंतर दुसरं नाव ऐकू आलं तर ते चूक धरायचं, दुसऱ्याची पकड कितीही चांगली असली तरी.

उचलणाऱ्यांनी चेंडूकडे बघायचं नाही. त्यांची नजर उडी मारणाऱ्याच्या कमरेवर. तो सरकला की ते सरकतात, आणि तो थांबला की मांडीला किंवा शॉर्ट्सला धरून वर. माझ्या बाबतीत दोघेही आकाशाकडे बघत होते, म्हणून मागे राहिले. हे जमवायला आम्हाला तीन सराव लागले. पहिल्या सरावात एकाने मला इतक्या उत्साहाने फेकलं की मी चेंडूच्या वर पोचलो.

उडी न मारताही झेलता येतं, हे विसरू नका. हवेतल्या खेळाडूला धक्का दिला तर पेनल्टी आहे, त्यामुळे उचललेल्याला संरक्षण मिळतं, हा फायदा खरा. पण उचलणारे दमलेले असतील किंवा नवीन असतील तर दोन्ही पाय जमिनीवर, शरीर आडवं वळवून, चेंडू छातीवर. सुटलाच तर मागे सुटावा.

आणि झेलल्यावर काय? आमची दुसरी मोठी चूक इथे होती. झेलला की आम्ही चेंडू लगेच मागे फ्लाय-हाफकडे द्यायचो आणि तो टचमध्ये मारायचा. नियम नीट वाचा. समोरच्यांची किक थेट आपल्या २२च्या आत आली आणि तिथेच झेलली, तर तिथून थेट बाहेर मारल्यावर जमीन मिळते, म्हणजे लाइनआउट चेंडू बाहेर गेला तिथे होतो. पण २२च्या पुढे झेलून आपणच चेंडू आत नेला आणि थेट बाहेर मारला, तर लाइनआउट किक मारली त्याच्या समोर येतो, म्हणजे एवढं करून पदरी काहीच नाही. आत नेल्यानंतर तिथे टॅकल, रक किंवा मॉल झाला तर मात्र पुन्हा जमीन मिळते. म्हणून आता झेलणारा पडतो, आधार येतो, मग एक जड खेळाडू २२च्या आत चेंडू घेऊन धडकतो, रक होतो, आणि त्यानंतरच किक. रकमध्ये चेंडू मिळाल्यावर रेफरीने ‘वापरा’ म्हटलं की पाच सेकंद असतात. स्क्रम-हाफने ती मोजत बसू नये, पण घाबरूही नये. आधीच्या सामन्यांत आमचा स्क्रम-हाफ दुसऱ्याच सेकंदाला किक मारून त्यांच्या हातांवर आदळवायचा.

कोपऱ्यातले ट्राय आणि दोन गुण

कन्व्हर्जन ट्राय झाला त्याच्या रेषेतून मारावं लागतं. आमचे दोन्ही कोपऱ्यातले ट्राय व्हिडिओत बघितले. पहिल्यात विंगरला पर्याय नव्हता, टॅकल करणारा पाठीवरच होता. दुसऱ्यात मात्र रेषेपलीकडे गेल्यावर जवळपास कोणी नव्हतं. त्याने आनंदात तिथेच सूर मारला. आत वळून चार ढांगा टाकल्या असत्या तर किकचा कोन कितीतरी सोपा झाला असता. दोनपैकी एक जरी लागलं असतं तरी बरोबरी होती.

किक मारणाऱ्याचा प्रश्न वेगळा. आमच्या फ्लाय-हाफला दुसऱ्या डावात डोक्याला मार बसला, तो उठताना डगमगला, आणि त्याला बाहेर काढलं. तो ‘मी ठीक आहे’ म्हणत होता. हौशी खेळात शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. याबद्दल मी कुठल्याही निकालासाठी वाद घालणार नाही. पण त्यामुळे शेवटचं कन्व्हर्जन आमच्या सेंटरने मारलं, ज्याने मोसमभर एकदाही टीवर चेंडू ठेवून सराव केलेला नव्हता. चूक त्याची नाही, आमची. दुसरा किकर ठरवलेला असावा आणि त्याने दर सरावात टचलाइनजवळून दहा तरी किक माराव्यात.

उलट बाजूही आहे. समोरच्यांच्या कन्व्हर्जनला आमचे पंधराही जण ट्रायरेषेमागे कमरेवर हात ठेवून उभे होते. किकर धावायला लागला की पुढे झेपावून किक अडवायला परवानगी आहे. २०२३च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेच्या चेस्लिन कोल्बीने फ्रान्सच्या थॉमा रामोसचं कन्व्हर्जन असंच धावत जाऊन अडवलं होतं. दक्षिण आफ्रिकेने सामना २९–२८ जिंकला. त्याच संघाने पुढे उपांत्य सामना १६–१५ आणि अंतिम सामना १२–११ असा जिंकला. आमच्या विंगरला हे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘तो कोल्बी आहे.’ खरं आहे. पण धावायला तर याचेही पाय आहेत.

खांब की कोपरा?

१५–१६ असताना आम्हाला त्यांच्या २२ मीटर रेषेजवळ, जरा डावीकडे, पेनल्टी मिळाली होती. आम्ही खांबांमधून तीन गुण मारायचे सोडून कोपऱ्यात टच मारला, लाइनआउट वाकडा टाकला म्हणून चेंडू गेला. यावर आमच्यात अजून एकमत नाही आणि मी ते इथे जबरदस्तीने घडवणार नाही.

दोन्ही बाजूंना दाखले आहेत, तेही एकाच स्पर्धेतले. २०१५च्या विश्वचषकात जपानने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शेवटी तीन गुणांनी मागे असताना बरोबरीची किक नाकारली, ट्रायसाठी गेले आणि ३४–३२ जिंकले. आठवड्याने इंग्लंड वेल्सविरुद्ध २५–२८ मागे होता. त्यांनीही किक सोडून कोपरा निवडला, लाइनआउटनंतर वेल्सने त्यांना बाहेर ढकललं आणि सामना गेला. पहिला निर्णय शूर ठरला, दुसरा मूर्ख. निर्णय मात्र एकच होता.

मला वाटतं, ते आधी ठरवून ठेवावं. आपला लाइनआउट त्या दिवशी कसा चाललाय, किकर कोण आहे, किती वेळ उरलाय, यावर कर्णधार आणि हुकरने मध्यंतरालाच बोलून घ्यावं. त्या पेनल्टीच्या वेळी आमचे पाच जण पाच दिशांना हात दाखवत होते.

घड्याळ

क्लबच्या मैदानावर वेळ रेफरीच्या मनगटावर असतो, आणि तो विचारल्याशिवाय कळत नाही. खेळ थांबलेला असताना कर्णधाराने शांतपणे ‘किती वेळ आहे?’ विचारावं, रेफरी सांगतात. आम्ही विचारलं नाही. ७७व्या मिनिटाला पुढे गेलो तेव्हा निम्म्यांना वाटत होतं शेवटची किक आहे, निम्म्यांना वाटत होतं दहा मिनिटं आहेत. वेळ संपल्यावरही चेंडू मृत होईपर्यंत खेळ चालतो, आणि त्यानंतर मिळालेली पेनल्टी टचमध्ये मारली तरी लाइनआउट खेळवला जातो. आमच्या प्रॉपला हे दहा वर्षं खेळूनही माहीत नव्हतं. तो आनंदाने हात वर करून उभा राहिलेला एक सामना मी पाहिलाय. तो किस्सा नंतर कधी.

रेफरीशी बोलायचं ते फक्त कर्णधाराने. बाकीच्यांनी पुटपुटलं की पेनल्टी दहा मीटर पुढे जाते आणि जी किक आवाक्याबाहेर होती ती आवाक्यात येते. त्यांची १५–१९ची पेनल्टी अशीच दहा मीटर पुढे सरकून खांबांच्या टप्प्यात आली होती.

अजून न सुटलेलं

रकच्या शेवटच्या पायापुढे जाण्याची खोड अजून आहे. सरावात स्क्रम-हाफ जोरात ‘मागे’ ओरडतो तेव्हा सगळे मागे असतात, सामन्यात त्याचा घसा बसला की पुन्हा पुढे. आता रकच्या दोन्ही बाजूंचे पहिले खेळाडू हात वर करून रेषा दाखवतात. काही प्रमाणात चाललंय.

वारा किकच्या विरुद्ध असताना रिस्टार्ट झेलणं अजून निम्म्या वेळाच जमतं. त्यावर आमच्या हुकरचं म्हणणं, पुढच्या गटाने नेहमीपेक्षा पाच पावलं पुढे उभं राहावं आणि मागची जागा फुलबॅकने सांभाळावी. वहीत त्याने त्यासाठी एक नवीन रकाना आखलाय. पुढचा बाहेरचा सामना दोन आठवड्यांनी आहे. खांदा बरा झाला तरी वही आपल्याकडेच ठेवणार, असं त्याने परवा जाहीर केलं.